साडेचार मिनिटांचा दुखवटा

वाइमार, जर्मनी
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुगंधाकाकू,

हे पत्र ज्योत्स्नावहिनी तुम्हाला वाचून दाखवतील असं धरून लिहिते आहे. वहिनी, सावकाश वाचा, आणि काकूंना मध्येच भरून आलं तर थांबा.

काकू, हे पत्र सहा महिने आधी यायला हवं होतं. बावीस ऑगस्टला प्रफुलदादाचा मेसेज आला, 'बाबा आज सकाळी गेले.' मी लगेच फोन लावला, त्याने उचलला नाही. नंतर माझाच धीर झाला नाही. दोन दिवसांवर परीक्षा होती आणि इथून सिंदेवाहीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. नाशिकला बाबांनाही कळवलं नाही. चांगली इंजिनिअर होणारी पोरगी लटारूने व्हायोलिनच्या नादी लावली, हा काकाजींवरचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं. मी एकटीच रडले. आठ दिवस नुसती रडत होते.

मग मी एक रचना लिहिली. इथे आमचा चौदा जणांचा वाद्यवृंद आहे. सगळी तारांची वाद्यं, गजाने वाजवायची. पेटी नाही, तबला नाही. मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा, घोगऱ्या गळ्याची. रचनेचं नाव 'सूर लावताना'. काकाजी नाटकाच्या मंडपात पडदा उघडायच्या आधी किती वेळ व्हायोलिनचे सूर लावत बसायचे ते तुम्हाला आठवतं ना? लोक शिट्ट्या मारायचे, मॅनेजर येऊन हात जोडायचा, आणि हे कानाशी तार धरून डोळे मिटलेले. रचना तशीच सुरू होते. सुरू झाली की अजून व्हायचीय, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मग त्यातूनच हळूच एक सुरावट निघते, सगळ्या वाद्यांच्या तारांखालच्या घोडीवर चिमटा लावलेला असतो, त्यामुळे आवाज धुक्यातून आल्यासारखा येतो. साडेचार मिनिटांची आहे. सोळा जूनला आम्ही ती पहिल्यांदा वाजवणार आहोत.

कार्यक्रमाच्या कागदावर 'लटारू मोहुर्ले यांच्या स्मरणार्थ' असं छापू का, एवढी परवानगी मला तुमच्याकडून हवी आहे.

आणखी एक. तीन वर्षांपूर्वी मी काकाजींना फोनवर म्हणाले होते, तुम्ही शिकवलेलं सगळं मला इथे विसरावं लागतंय. खरंच तसं होतं. गज धरण्यापासून बसण्यापर्यंत इथल्या शिकवणाऱ्या बाईंनी सगळं मोडून नव्याने बांधलं. पण ते काकाजींना सांगायची गरज नव्हती. त्यानंतर त्यांनी फोन केला नाही आणि मीही केला नाही. ते माझ्या मनाला फार लागून राहिलं आहे.

तुमची
दिव्यानी

~

सिंदेवाही
१ मार्च २०२४

चि. दिव्यानी हिला,

आधी खाली बस. बसली का? मग पुढे वाच.

तुझं पत्र ज्योत्स्नाने वाचलं नाही, मी वाचलं. मी म्हणजे लटारू. मी मेलो नाही. सकाळी आंबील पिऊन, अंगणात खाट टाकून हे लिहितो आहे. अक्षर माझंच आहे, ओळखून घे.

आता काय झालं ते सांगतो. तू शिकली-सवरलेली, तुला हे ठाऊक नसेल. आपल्याकडे कावळा माणसाच्या डोक्यावर बसला की त्याचं मरण जवळ आलं म्हणतात. त्यावर उपाय असा, की जवळच्या एखाद्या माणसाला तो मेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. ते माणूस मनापासून रडलं की मरणाला वाटतं, आपलं काम झालेलं दिसतंय, आणि ते मागच्या पावली जातं. दुसऱ्या दिवशी खरं कळवायचं आणि दोन शिव्या खायच्या. तर ऑगस्टात माझ्या डोक्यावर कावळा बसला. घरच्यांनी धोशा लावला. कोणाला कळवायचं म्हणून विचार झाला, आणि तुझं नाव निघालं. प्रफुल भद्रावतीहून आलेला होता, त्याने मेसेज केला. दुसऱ्या दिवशीचा मेसेज करायचा मात्र राहून गेला. तुझा फोन आला तेव्हा प्रफुल नुसता मोबाइलकडे पाहत बसला, त्याला खोटं बोलता येत नाही. आईवर गेला आहे.

पण तुझा उपाय लागू पडला म्हणायचा. मी ठणठणीत आहे.

एक मात्र विचारायचं आहे. साडेचारच मिनिटं? आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात नायकाची आई मरायला पाऊण तास घेते आणि मध्ये दोनदा उठून बसते. मी पंचवीस वर्षं तिच्या मरणाला वाजवलं. दिवसा भात संशोधन केंद्रात पऱ्ह्यांतली रोपं मोजायची आणि हंगामात रात्री तिला मारायचं. आणि माझ्या वाट्याला साडेचार मिनिटं. बरं, असो. थोडक्यात गोडी असेल.

ते 'स्मरणार्थ' काढून टाक, पण रचना काढू नको. मला ती ऐकायची आहे. आपला दुखवटा आपल्या कानांनी ऐकायला मिळणारा माणूस तालुक्यात तरी दुसरा नसेल.

तो तीन वर्षांपूर्वीचा शब्द मी केव्हाच विसरलो होतो. तूच आठवण करून दिली.

फोन करू नको. फोनवर आलेल्या गोष्टीचा काय भरवसा, हे तुला आता कळलंच आहे. कागदावर लिही.

लटारू (हयात)

~

वाइमार
२० मार्च २०२४

काकाजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी तालमीला निघाले होते. जिन्यात वाचलं. पहिली ओळ वाचून खरंच खाली बसले आणि खूप हसले. शेजारच्या आजी दार उघडून पाहून गेल्या. तुम्ही आहात याचा आनंद किती झाला ते लिहिता येत नाही, आणि आता जे लिहिणार आहे त्यामुळे तो कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मला फार राग आला. अजून आहे.

सहा महिने मी तुम्हाला मेलेलं समजून जगले. वाजवताना, बस पकडताना, भात शिजवताना. तुमच्यासाठी एक एक सूर शोधला. आणि तुमच्याकडे काय, तर दुसरा मेसेज करायचा 'राहून गेला'. दुधाचा रतीब सांगायचा राहून जातो, काकाजी, जिवंत असल्याचं सांगायचं राहून जात नाही.

आणि कावळा? तुम्ही? मी सात वर्षांची असताना मांजर आडवी गेली म्हणून थांबले, तर विहाराच्या ओट्यावरून तुम्ही ओरडला होता, 'मांजरीले काम हाय म्हणून ते चालली. तुले काम नाई का?' तुमच्या घरी कोंबड्यांचा कलकलाट, म्हणून बुद्धवंदना संपली की तुम्ही मला आमच्या विहाराच्या ओट्यावर शिकवायचा. तिथे येणाऱ्या सगळ्यांना तुम्ही शकुन-अपशकुनावरून चिडवायचा. तो माणूस कावळ्याला घाबरला, हे माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

खरं काय ते लिहा. नाहीतर ही रचना मी वाजवू शकत नाही. जे दुःख झालंच नाही त्याचं गाणं चौदा जणांकडून कसं वाजवून घेऊ?

दिव्यानी

~

सिंदेवाही
७ एप्रिल २०२४

चि. दिव्यानी,

तुझा राग पोचला. जागा बरोबर आहे, लय पण बरोबर आहे. लहानपणी गज तुटला तेव्हाही तू अशीच बोलली होतीस, एक शब्द जास्त नाही.

इथे आता मोह वेचणं संपत आलं. सकाळी सगळा परिसर गोड वास मारतो आणि दुपारी झोप येते. मी हल्ली दुपारी बराच पडून असतो. अर्धवट झोपेत मंडप दिसतो. खुर्च्या रिकाम्या, पडदा उतरवलेला, आणि कोणीतरी सूर लावतं आहे. तो मीच असतो की दुसरा कोणी, ते जागं होईपर्यंत कळत नाही. तुझं पत्र आल्यापासून हे जास्त दिसतं.

तू खरं विचारलंस. दुसरा मेसेज राहून गेला नाही. प्रफुल करत होता, मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी पाहतो. मला वाटलं, तू येशील. चार दिवस मी रोज सकाळी दाढी केली. पाचव्या दिवशी म्हटलं, आता काय कळवायचं? मग लाज वाटायला लागली. एक दिवसाची लाज एका वाक्यात सांगता येते, महिन्याची सांगायला पत्र लागतं, आणि सहा महिन्यांची कशाने सांगायची ते मला समजेना. एवढ्यात तुझंच पत्र आलं.

कावळ्याचं म्हणशील, तर म्हातारपणी माणूस कशालाही घाबरतो. तो विषय सोड.

आता मी तुला विचारतो. आठ दिवस रडली म्हणतेस. कशी रडलीस? म्हणजे कुठे बसून? इथे सुगंधाचा भाऊ गेला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिने भाताची कणगी झाकायची राहिली म्हणून मध्येच उठून झाकली, मग परत बसली. तसं मला तुझं डोळ्यांसमोर येत नाही. तिथली भिंत कशी, खिडकी कशी. म्हातारा झालो म्हणून विचारतो, राग मानू नको.

रचना मात्र मला ऐकव. तेवढंच मागतो.

लटारू

~

वाइमार
२६ एप्रिल २०२४

काकाजी,

म्हणजे तुम्ही मला जोखून पाहत होता. मी येते की नाही, आणि किती रडते.

'सूर लावताना' मी कार्यक्रमातून काढली आहे. आमच्या संचालकांना काल सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, रचना पूर्ण झालेली नाही. त्या जागी दुसरं काहीतरी वाजवू.

प्रकृतीला जपा.

दिव्यानी

~

सिंदेवाही
९ मे २०२४

दिव्यानीताई, मी ज्योत्स्ना लिहिते आहे. सासूबाई सांगतात तसंच्या तसं उतरवते, कारण मी सुधारायला गेले की त्या रागावतात. बाबा विहिरीकडे गेलेत. स्पीड पोस्टने पाठवते.

पोरी, मी सुगंधा बोलतो.

तुयं गेल्या बारीचं पत्र आलं. यानं वाचलं, घडी केली आन् व्हायोलिनच्या पेटीत ठेवलं. मी म्हटलं, काय लिवते? म्हणे, ठीक हाय. तीन दिवस झाले, धड जेवत नाई. मंग मी ज्योत्स्नाले ते काढून वाचाले लावलं.

कावळा बसलाच नाई. त्या दिवशी मी अंगणातच होती, झाडझूड करून राह्यली होती. कावळा असता तर मले पयले दिसला असता. याले चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणे, याचं काळीज वाढलं हाय, एक वर्ष म्हणा, दोन म्हणा. घरी येता येता बसमधी हा हसला. म्हणे, सुगंधा, डॉक्टर म्हणते माहं काळीज मोठं हाय, तू तर जलमभर नाई म्हणत होती.  आठ दिवसानं यानं मले म्हटलं, मेल्यावर कोण रडलं ते माणसाले दिसत नाई. मले एकाच माणसाचं पाहाचं हाय. आन् कावळ्याचं सोंग काढलं. कावळा म्हटला की कोणी कोणाले बोल लावत नाई न, म्हणून.

मी काऊन होऊ देलं म्हणशीन. तू फोनवर ते बोलली होती न, सारं विसरा लागते म्हणून. त्या दिसापासून यानं व्हायोलिन काढलं नाई. नाटकवाले बोलवाले आले, तर बोटं दुखतात म्हणून सांगतलं. बोटं दुखत नव्हती. पोरी, मले प्रफुल हाय, ज्योत्स्ना हाय. याले शिकवलेलं माणूस एकच हाय.

तुले जबरदस्ती नाई. पण ते गाणं याले आयकू दे. आन् मी सांगतलं म्हणून याले सांगू नको, मले जिवंत ठेवाचा नाई.

इथपर्यंत. दिव्यानीताई, मी पण माझ्याकडून हात जोडते. ज्योत्स्ना.

~

वाइमार
२७ मे २०२४

काकाजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. कशी रडलीस, कुठे बसून, असं विचारलं होतं तुम्ही.

मी रडले नाही.

काकूंना आठ दिवस रडले म्हणून लिहिलं ते खोटं होतं. मेसेज आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. वाचला, फोन लावला, आणि उरलेले बटाटे सोलले. परीक्षा दिली, चांगले गुण पडले. रोज वाट पाहायची, आता रडू येईल, आता येईल. आलं नाही. मला स्वतःची भीती वाटायला लागली. ज्या माणसाने मला पहिला सूर दिला तो गेला आणि माझं काहीच हलत नाही, म्हणजे मी तुम्ही शिकवलेलं खरंच विसरले, असं वाटायचं.

म्हणून लिहायला बसले. रडता येत नव्हतं म्हणून. पहिल्यांदा नुसत्या मोकळ्या तारा लिहिल्या, कारण त्यापुढे काही सुचेना. मग आठवलं, तुम्ही म्हणायचा, 'दुःखाच्या जागी बोट दाबू नको, उचल. दाबलं का ते किंचाळते.' इथल्या बाईंनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. विसरलेली नव्हते मी ते. व्हायोलाला तशी एक ओळ लिहिली, प्रत्येक सुरावरून बोट सुटतं आहे अशी. मग बाकीचे तेरा जण त्या ओळीखाली हलकेच येऊन उभे राहतात. चार महिने मी त्यात राहत होते. खिडकीबाहेर बर्फ पडायचा आणि मला आतून धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, स्थिर, मधूनच बुडबुडा. ते दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले होते, आणि ते मला तुम्ही मेलात म्हणून मिळाले. आता सांगा, कोण कोणाला फसवत होतं?

काल मी संचालकांना सांगितलं, रचना पूर्ण झाली आहे. ती पुन्हा कार्यक्रमात आली. सोळा जून, रविवार, आमचे सकाळचे अकरा, म्हणजे तुमचे दुपारचे अडीच. प्रफुलदादाला मोबाइलवर लिंक पाठवेन, आम्ही वाजवत असतानाच तुम्हाला ऐकू येईल. त्याला म्हणावं स्पीकर आण. आणि तुम्ही जेवून घ्या त्याआधी, उपाशी ऐकू नका.

तुमची
दिव्यानी

~

सिंदेवाही
१७ जून २०२४

चि. दिव्यानी,

काल ऐकलं. 

प्रफुल सकाळीच आला होता, स्पीकर घेऊन. दोन वाजताच मी कूलर बंद करायला लावला, त्याची घरघर नको होती. पाऊस अजून इकडे फिरकलेला नाही. घामाने सगळे निथळत होते, ज्योत्स्ना पंख्याने वारा घालत होती, तिला म्हटलं, तोही आवाज नको. मी खाटेवर, सुगंधा खाली भिंतीला टेकून. तू बोललीस ते जर्मन भाषेत होतं. प्रफुलने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, मले काय माहीत. पण मध्ये माझं नाव आलं, आणि तिथले लोक थोडे हसले आणि मग एकदम गप्प झाले, ते ऐकू आलं.

मग सूर लावायला सुरुवात झाली. मी प्रफुलला म्हटलं, 'अजून टाइम हाय, लावून राह्यले.' आणि डोळे मिटून पडलो. मला वाटलं, मी मंडपात आहे. हिरवं कापड, खाली धानाची तणस पसरलेली. माझीच तार मी ऐकतो आहे. एक पट्टी खाली, जरा वर, हं, आली. बाजूचा म्हणतो, भाऊ, झालं का? मी म्हणतो, थांब. तेवढ्यात ती तुझी ओळ आली, बोट सुटणारी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे केव्हाचंच सुरू झालेलं आहे. माझ्या डाव्या हाताची बोटं चादरीवर चालत होती. सुगंधाने पाहिलं.

पोरी, त्यात मी मेलेलो नाही. मी नीट ऐकलं. त्यात फक्त एक माणूस सूर लावत बसलेला आहे आणि लोक त्याची वाट पाहत आहेत, आणि कोणी शिट्टी मारत नाही. एवढ्या प्रेमाने माझी कोणी वाट पाहिलेली नव्हती. मी रडलो. लपवत नाही. प्रफुलने पाणी आणून दिलं.

तिसऱ्या मिनिटाला तुझा व्हायोला जरा चढा लागला. घाई करतेस. बाकी ठीक.

तू बटाट्यांचं खरं सांगितलंस, तर मीही सांगतो. कावळा नव्हता. दवाखान्याचं काही निघालं होतं. ते सुगंधाने तुला कळवलेलं असणार, कारण महिनाभर ती माझ्याशी फार गोड वागते आहे. मला तुझ्यावर राग नव्हता. आपण शिकवलेलं वाया गेलं की काय, एवढंच पाहायचं होतं, आणि ते असं आडवाटेने पाहिलं, हे माझं चुकलं. तुला माफी मागतो. वयाने मोठा आहे म्हणून मागू नये असं काही नाही.

आता एक अडचण उरते. पुढच्या वेळी प्रफुलचा मेसेज आला तर तू तो खरा मानशील का? मी असतो तर मानला नसता. म्हणून असं ठरवू. खरी बातमी कागदावर येईल, आणि तो कागद सुगंधाच्या हाताने लिहिलेला असेल. तिला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. मी तिला शिकवतो आहे. परवापासून पाटी घेतली. 'ल' काढते तो बैलाच्या शिंगासारखा होतो, आणि मी हसलो की पाटी ठेवून भाजी चिरायला जाते. पण शिकेल.

ये असं मी म्हणणार नाही. तुझं तिथे काम आहे, आणि एकदा तुला खोटं बोलून बोलावलं, आता खरं बोलून बोलवायला तोंड नाही. वाजवत राहा. मी काल व्हायोलिनच्या तारा बदलायला प्रफुलला सांगितलं आहे.

तुझा
लटारूकाका

~

(पाकिटावर सिंदेवाहीचा शिक्का, ऑक्टोबर २०२४. रुंद रेघांचा वहीचा कागद, पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत.)

दिव्यानी

पाकीट पाहून भेली असशीन. भेऊ नको. हा जिता हाय.

हे मी लिहितो सुगंधा. माह्या हातानं. ज्योत्स्ना बाजूले बसली हाय पण तिनं एक बी अक्षर काढलं नाई.

धान लोंबीवर आला. यंदा चांगला हाय.

हा आता खाटेवरून उठत नाई. श्वास लागते. व्हायोलिन पोटावर ठेवून तार छेडते, वाजवत नाई. दुपारी तुयं गाणं लावा म्हणते. लावलं का झोपते. जागा झाला का पयले इचारते, दिव्यानी आली का.

यानं तुले ये म्हटलं नाई ते मले माहीत हाय. मी वाचलं. आता मले वाचता येते.

मी त्याले रोज सांगतो, येऊन राह्यली, रस्त्यानं हाय. तो हो म्हणते आन् दाराकडे तोंड करून पडते.

या घरात लय खोटं झालं. हे एक खरं कर.

सुगंधा